अजून नाही

फ्रान्झ रोझेनझ्वाइग या जर्मन ज्यू तत्त्वचिंतकाविषयी एक आठवण सांगतात. प्रातःप्रार्थनेच्या वेळी दंडावर व कपाळावर बांधावयाची तेफिलीन, म्हणजे धर्मवचने ठेवलेल्या चामडी डब्या, आपण बांधता काय, असे त्यास कोणी विचारले. तो उत्तरला, "अजून नाही." हे उत्तर प्रामाणिक मानावे, की आचार टाळू पाहणाऱ्या सुशिक्षिताची ती सोयीची पळवाट, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत आहे.

रोझेनझ्वाइग १९१३ साली ख्रिस्ती होण्याच्या बेतात होता. त्याच वर्षी त्याचा निश्चय पालटला, आणि १९२० मध्ये त्याने फ्रांकफुर्ट येथे प्रौढांसाठी एक अध्ययनगृह उघडले. पूर्वीचा ज्यू मुलगा लहानपणीच तोरा शिके आणि ती शिदोरी घेऊन जगात उतरे. या शहरातील वकील, डॉक्टर व व्यापारी यांची गत उलटी होती. त्यांजपाशी जर्मन वाङ्मय होते, विज्ञान होते. हिब्रू अक्षरे मात्र कित्येकांस लागत नव्हती. तेव्हा अध्ययनाची दिशाच पालटावी, जीवनातून तोरेकडे यावे, असे रोझेनझ्वाइगने ठरविले. शिकविणाऱ्यांत मार्टिन बूबरसारखे विद्वान होते, तसा एडुआर्ड श्ट्राउस हा रसायनशास्त्रज्ञही होता. तो बायबलाचा वर्ग घेई. ज्याचे स्वतःचे अध्ययन पुरे झालेले नाही त्याने इतरांस धर्मग्रंथ शिकवावा, हे सनातन्यांच्या पचनी पडणे कठीण. आणि त्यांचा आक्षेप आम्हांस अगदीच पोकळ वाटत नाही. अज्ञानाच्या कबुलीचाही मनुष्यास गर्व होऊ शकतो.

परंतु 'नाही' म्हणणारा मोकळा होतो. 'अजून नाही' म्हणणारा ऋणको राहतो. तो ऋण फेडतो आहे की नुसती मुदत वाढवून घेतो आहे, एवढेच पाहावयाचे. १९२२ मध्ये रोझेनझ्वाइगला पक्षाघातासारख्या असाध्य विकाराने गाठले. हात गेले, वाणी गेली. पत्नीने खुणेवरून एकेक अक्षर ओळखावे व शब्द जुळवावा, अशा अवस्थेत १९२५ पासून तो बूबरसह हिब्रू बायबलाचे जर्मन भाषांतर करू लागला, आणि १९२९ च्या डिसेंबरात मरण येईपर्यंत करीत राहिला. आमचीही ज्ञानेश्वरी प्रत्येक बदलीबरोबर ट्रंकेतून नव्या गावी जाते. ती केव्हा वाचणार, असे कोणी विचारल्यास आम्हीही 'अजून नाही' असेच म्हणतो. मात्र आमच्या 'अजून'ला पेन्शनची तारीख जोडलेली असते.

रोझेनझ्वाइगच्या पश्चात ते अध्ययनगृह बंदच होते. १९३३ च्या एप्रिलमध्ये नव्या कायद्याने ज्यू सरकारी नोकरांस कामावरून दूर करण्यास प्रारंभ झाला. ज्यांनी आयुष्यभर स्वतःस प्रथम जर्मन मानले, त्यांस आपण कोण हे सरकारी हुकुमावरून कळले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बूबरने ते दार पुन्हा उघडले, आणि १९३८ पर्यंत ते उघडे राहिले. उतारवयात हिब्रूची पहिली अक्षरे गिरवावयास बसलेल्या त्या माणसांस, आपण तेफिलीन बांधता काय, असे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नसते.