वैनगंगेचा तळ आणि आपला फर्ज

भंडारा शहर सोडून साकोलीच्या दिशेला निघालं की वैनगंगा लागते आणि पलीकडे कारधा. या नदीच्या काठावर मी वाढलो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातला एकोणीस वर्षांचा एक मुलगा या नदीत बुडाला. चौघं मित्र पोहायला गेले होते. तिघं बाहेर आले, तो आला नाही. पावसाळा सरत आला होता. पाणी गढूळ होतं आणि त्याला ओढ होती.

सगळा मोहल्ला काठावर जमला. त्याच्या अम्मीला घरी थांबवून ठेवणं कठीण झालं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट विचारायची, मिळाला का? जिवंत आहे का, हे विचारणं तिनं पहिल्या संध्याकाळीच सोडून दिलं होतं.

जवळच्या गावातले दोन ढिवर पहिल्या दिवसापासून डोंगा घेऊन शोधत होते. गळ बांधलेली दोरी तळातून ओढायची, ती कुठं अडकली की एकानं खाली उतरायचं. अंगावर चड्डी, कमरेला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक डोंग्यातल्या साथीदाराच्या मुठीत. एवढीच त्यांची सामग्री. गढूळ पाण्यात हातभर खाली गेलं की काही दिसत नाही. तिथं डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच. शोधायचं ते हातांनी, चिखलात चाचपून. मी त्यांच्यातल्या वयस्कर माणसाला विचारलं, सापडेल का? तो म्हणाला, "पानी ठेवून नाही घेत भाऊ. उशीर करते."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच तो मुलगा सापडला. पाण्याखाली गेलेल्या एका बाभळीच्या फांद्यांत अडकला होता. अशा जागी उतरणाऱ्याची दोरी गुंतली तर तोही वर येत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. मय्यत काठावर आली. मुलाच्या अब्बांनी थरथरत्या हातानं खिशातले पैसे काढले. तो म्हणाला, "चाचा, पोराचे पैसे नाही घेत मी." मग त्यानं आमच्याकडे साबण मागितला.

आम्ही मय्यत घेऊन निघालो. गुस्ल झाला, कफन झालं, जनाज्याची नमाज झाली, दफन झालं. रात्री झोपताना माझ्या लक्षात आलं की त्या माणसाला आम्ही घाटावर अंघोळ करत तसाच सोडून आलो. घरी चल, दोन घास खा, असं कुणी म्हटलं नाही. तीन दिवस आम्ही त्याला 'मामा' म्हणून हाका मारत होतो. त्याचं नाव कुणीच विचारलं नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्यामागं लागला आहे. मेलेल्यासाठी जिवंत माणसानं जीव धोक्यात का घालावा? आणि तो घालतो, तेव्हा आपण त्याचं काय देणं लागतो?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बुडणाऱ्याला वाचवणं आणि बुडालेल्याला शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. श्वास थांबला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. नागपूरहून भंडारा साठ किलोमीटरच्या आसपास आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरात आहे, राष्ट्रीय दलाची पाचवी बटालियन पुण्यात. कितीही लवकर निघाले तरी ते पोचेपर्यंत ती मिनिटं संपलेली असतात. पुरात अडकलेल्यांना ही दलं वाचवतात, 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा भंडाऱ्यानं ते पाहिलं आहे. पण पाण्याखाली गेलेल्या माणसाबाबत हिशेब वेगळा असतो. त्याला वाचवणारा काठावर आधीच हजर असलेला माणूसच असतो, बहुधा एखादा ढिवर, एखादा गुराखी. लांबून येणाऱ्याच्या वाट्याला शोधणंच येतं.

म्हणजे शोध सुरू होतो, तेव्हा साऱ्यांनाच मनातून ठाऊक असतं की आपण मय्यत शोधतो आहोत. तरी शोध थांबत नाही. का?

एक उत्तर व्यवहाराचं आहे. माणूस मेला हे सिद्ध झालं नाही, तर तो कायद्यानं जिवंतच राहतो. 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये जी तरतूद होती, ती आता 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 मध्ये आली आहे. ज्यांना एखाद्याची खबर सहज मिळाली असती त्यांना सात वर्षं ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. तोपर्यंत विम्याचे, वारसाचे, पेन्शनचे कागद अडतात. आपल्याकडे तर हा प्रश्न त्याहून जुना आहे. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही त्याला फिक्हमध्ये 'मफकूद' म्हणतात. जुन्या हनफी मताप्रमाणे त्याच्या बायकोनं त्याच्या वयाची माणसं जगातून जाईपर्यंत वाट पाहायची. मालिकी मत चार वर्षांचं. हिंदुस्थानातल्या बायकांचे हाल पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांनी या बाबतीत मालिकी मत घ्यावं असं सांगितलं, आणि 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवरा चार वर्षं बेपत्ता असेल तर बायकोला न्यायालयात जाता येईल अशी तरतूद झाली. वाट पाहण्यालाही कुठंतरी हद्द असावी, हे आपल्या आलिमांनाही मानावं लागलं. पाणबुड्या तळातून वर आणतो तेव्हा तो एका घराची ही चार किंवा सात वर्षं वाचवतो.

पण त्या अम्मीच्या मनात विमा नव्हता, वारस नव्हता. तिला दफन हवं होतं. महाडला 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल कोसळला. दोन एसटी बसगाड्या आणि एक मोटार पाण्यात गेली. राष्ट्रीय दल, नौदल, तटरक्षक दल, स्थानिक लोक असे सगळे शोधात उतरले. गाड्या शोधायला पाण्यात लोहचुंबक सोडले गेले. मृतदेह खाडीच्या दिशेनं कित्येक किलोमीटर वाहत गेले होते, आणि काही कधीच मिळाले नाहीत. ज्यांना मिळाले त्यांचं दुःख कमी नव्हतं, पण त्याला एक जागा मिळाली. ज्यांना मिळाले नाहीत, त्यांचं दार रात्री वाजलं की आजही कुणीतरी उठून बसत असेल.

आपल्या हनफी मतात मय्यत समोर असल्याशिवाय जनाज्याची नमाज नाही. कोकणातले आपले शाफई भाऊ गायबाना नमाज पढू शकतात, नजाशीच्या नमाजेचा दाखला त्यांच्यापाशी आहे. आमच्या विदर्भातल्या बहुतेक घरांना ती वाट मोकळी नाही. म्हणून मय्यत मिळणं म्हणजे आमच्यासाठी निरोप देता येणं.

गुस्लच्या वेळी ऐकलेली एक गोष्ट मी विसरलेलो नाही. मी मौलानांना विचारलं होतं, तीन दिवस पाण्यात असलेल्याला पुन्हा पाणी कशाला? ते म्हणाले, नदीनं धुतलं ते धरत नाहीत. गुस्लचा हुकूम पाण्याला नाही, जिवंत माणसांना आहे. त्यांच्या हातून घडलं पाहिजे. फिक्हच्या ग्रंथांतला हा मसला मला फार मोठा वाटतो. नदी जे करते ते फक्त घडतं. माणूस जे करतो ते कर्तव्य असतं. मय्यतची त्याला गरज असो वा नसो, आपल्याला त्याची गरज आहे.

कुरआनातल्या सूरह माइदामध्ये आदमच्या दोन मुलांची हकीकत आहे. एकानं दुसऱ्याला मारलं, पण भावाच्या मय्यतचं काय करायचं हे त्याला कळेना. तेव्हा अल्लाहनं जमीन उकरणारा एक कावळा पाठवून त्याला दफन शिकवलं. ही एकतिसावी आयत. एक जीव वाचवला त्यानं जणू साऱ्या माणसांना वाचवलं, ही आपल्या तोंडी नेहमी असणारी आयत तिच्या लगेच पुढची, बत्तिसावी. आपण बत्तिसावी भाषणात सांगतो आणि एकतिसावी विसरतो. पण त्या दोन्ही एकमेकींना लागून आहेत. मेलेल्याची अब्रू राखायला शिकलेला समाजच जिवंताची किंमत ओळखतो, असं मला त्यावरून वाटतं.

मग मेलेल्यासाठी किती धोका पत्करावा? इथं भावनेत वाहून चालणार नाही. दक्षिण आफ्रिकेत 'बुशमन्स होल' नावाची पाण्यानं भरलेली खोल गुहा आहे. 1994 मध्ये एक वीस वर्षांचा तरुण तिथं बुडाला. दहा वर्षांनी, 2004 च्या ऑक्टोबरमध्ये डेव्ह शॉ या ऑस्ट्रेलियन पाणबुड्याला त्याचा मृतदेह सुमारे 270 मीटर खोलीवर दिसला. मुलाच्या आईवडिलांसाठी तो वर आणायचं त्यानं ठरवलं. 8 जानेवारी 2005 ला तो पुन्हा उतरला. मृतदेह पिशवीत भरताना तो दोरीत अडकला, धाप वाढली आणि तो तिथंच राहिला. चार दिवसांनी साथीदार सामान वर ओढत होते, तेव्हा दोन्ही मृतदेह वर आले. एका आईवडिलांना त्यांचा मुलगा मिळाला आणि दुसऱ्या घरातला माणूस गेला.

त्याच्या उलट 2018 च्या जुलैमध्ये थायलंडच्या गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते. तिथं हवेच्या टाक्या पोचवताना समन कुनान हा माजी नौसैनिक मरण पावला. त्याचं मरण व्यर्थ होतं असं कुणी म्हणणार नाही, कारण पलीकडे तेरा जीव वाट पाहत होते. शॉबद्दल मात्र मन दुभंगतं. त्याच्या धैर्यापुढं मान झुकते, पण त्यानं उतरायला हवं होतं असं मी म्हणू शकत नाही. आपल्या हातानं स्वतःला नाशात लोटू नका, हाही कुरआनचाच हुकूम आहे. मेलेल्याचा हक्क आहे, पण तो जिवंताच्या जिवापेक्षा मोठा नाही. म्हणून पाणबुड्यानं 'आज पाणी ठीक नाही, उद्या पाहू' असं म्हटलं, तर काठावरच्या कुणालाही, अगदी रडणाऱ्या बापालाही, त्याला ढकलण्याचा अधिकार नाही. आम्ही त्या तीन दिवसांत कितीदा ढकललं असेल, देव जाणे.

पण नकार देण्याचा हक्क ज्याला आहे, त्यानं होकार दिला तर? मला वाटतं, खरा नैतिक प्रश्न इथं सुरू होतो, आणि तो पाणबुड्याचा नाही, आपला आहे.

आपण सगळे फर्ज-ए-किफाया जाणतो. काही जणांनी केलं तर सगळे सुटतात, कुणीच केलं नाही तर सगळे गुनहगार. गुस्ल, जनाजा, दफन ही त्याची नेहमीची उदाहरणं. मय्यत पाण्यातून काढणं त्या व्याख्येत कसं बसतं, ते आलिमांनी सांगावं. मी नैतिक अर्थानं बोलतो आहे. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यात शंभर धडधाकट पुरुष होते. एकही पाण्यात उतरला नाही, उतरणं शक्यही नव्हतं. आमच्या गुस्लच्या आधीचं काम एका ढिवरानं केलं, म्हणून आमचा गुस्ल झाला. आम्ही सगळे त्याच्यामुळं सुटलो, आणि सुटलो तसे निघून आलो.

फर्ज-ए-किफायाचा अर्थ आपण सोयीनं लावतो. कुणीतरी करील, हा त्यातला आपला आवडता भाग. पण ज्याच्या खांद्यावर आपली सुटका उभी आहे, त्याचं ऋण आपल्यावर राहतं, हा भाग आपण वाचत नाही. हे फक्त मुसलमानांचं नाही. या देशात गटारात उतरणारा, रुळांवरून तुकडे उचलणारा, नदीच्या तळातून मुलगा काढणारा, यांच्या हातांवर सारा समाज स्वच्छ राहतो, आणि त्यांना जवळ बसवताना आपल्याला साबण आठवतो. त्या माणसानं साबण स्वतः मागून घेतला. आम्हाला ती वेळही आली नाही.

ऋण फेडायचं कसं? गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी, त्यांना जाकीट, चांगला दोर आणि रीतसर प्रशिक्षण, त्यांच्या नावानं विमा, दर उतरण्याचा ठरलेला मोबदला. पैसे नको म्हणण्याचा मोठेपणा त्याचा असू शकतो, पैसे न देण्याचा मोठेपणा आपला असू शकत नाही. जमातीच्या बैतुलमालमधून एवढं सहज होऊ शकतं, आणि त्यासाठी त्या माणसाचा मजहब विचारायची गरज नाही. त्याच्याही आधी आपल्या मुलांना पोहायला शिकवावं. तळ्यांचा जिल्हा म्हणवणाऱ्या भंडाऱ्यात आमच्या मोहल्ल्यातली किती मुलं पोहू शकतात, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

बुडून मरणाऱ्याला शहीदाचा दर्जा आहे, असं सही हदीसमध्ये आलं आहे. त्या अम्मीला सगळ्यांनी हेच सांगून धीर दिला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्यानं काढलं त्याला काही खायला दिलं का?" आमच्यापैकी कुणी उत्तर दिलं नाही.

उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. गेल्या वर्षी मी त्या गावी गेलो. तो आता डोंगा चालवत नाही, अंगणात बसून जाळं विणतो. मी ओळख सांगितली. त्याला मुलगा आठवत होता, बाभूळ आठवत होती, साबणसुद्धा आठवत होता. आम्ही सोबत जेवलो. निघताना मी त्याचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. ते इथं छापत नाही, कारण छापण्यासाठी विचारलं नव्हतं. त्या मुलाच्या अम्मीला मात्र जाऊन सांगितलं. आता ती दुआ मागताना मुलाच्या नावानंतर ते नाव घेते.