गुडघे टेकता आले नाहीत तरी



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजारी भाविकांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघरी जातो. गुडघ्यांच्या संधिवाताने घरी बसलेल्यांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘फादर, आता सगळं संपलं.’ दुखणे गुडघ्यात असते. ‘संपलं’ हा निकाल मात्र मन देते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मायकेल सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली वेदनेविषयीचे विचार मोजण्यासाठी १३ विधानांची प्रश्नावली तयार केली. तिच्यात मनाच्या तीन सवयी तपासल्या जातात : दुखण्याचाच विचार घोळवत राहणे, ते आहे त्याहून भयंकर मानणे आणि आपल्या हाती काहीच नाही असे समजणे. या सवयी असलेल्यांना गुडघेदुखी अधिक जाणवते, असे पुढील अभ्यासांत आढळले. ‘चाललो तर गुडघा आणखी झिजेल’ या भीतीने आपण खुर्ची सोडत नाही. मांडीचे स्नायू अशक्त होतात, सांध्याचा आधार कमी होतो आणि चार पावलेही जड जातात. मग ती भीतीच खरी वाटू लागते. म्हणूनच डॉक्टर झेपेल तितके चालण्याचा आणि व्यायामाचा सल्ला देतात.

याचा अर्थ दुखणे काल्पनिक आहे किंवा श्रद्धा कमी पडली, असा मुळीच नाही. तसे बोलून आपण आजाऱ्याच्या दुःखात भरच घालतो. संत पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, पण पौल थांबला नाही.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेला एक माणूस होता (योहान ५). बरे व्हायचे आहे का, असे येशूने विचारले तेव्हा तो ‘हो’ म्हणाला नाही. मला तळ्यात सोडणारे कोणी नाही, एवढेच त्याने सांगितले. येशूने त्याला दटावले नाही, उठून चालायला सांगितले. मात्र त्याची तक्रारही खरी होती. आपल्या आळीतील एखाद्या आजीला असेच ‘कोणी नाही’ म्हणावे लागत असेल, तर रविवारी आपल्या रिक्षात तिच्यासाठी एक जागा ठेवू या.

गुडघे टेकता येत नाहीत म्हणून मिस्साला येण्याचा संकोच वाटणाऱ्यांनी निःशंक यावे. ख्रिस्तशरीर उंच धरल्यावर धर्मगुरू गुडघा टेकतात, त्या वेळी आजारी भाविकांनी आदराने कमरेतून वाकून नमन करावे, अशी सवलत उपासनेच्या नियमातच आहे. बाकावर बसून केलेली प्रार्थनाही देवाला तितकीच प्रिय आहे.

या आठवड्यात रोज सकाळी ‘सगळं संपलं’ असे न म्हणता ‘प्रभो, आज मला काय जमेल?’ असे विचारू या. अंगणापर्यंतची दहा पावले हेही एक उत्तर आहे.

प्रभू आपणा सर्वांना बळ देवो.

आपले धर्मगुरू