मुखवट्याखाली एकच चेहरा नसतो तेव्हा

स्कूबी-डूच्या गोष्टीत भूत शेवटपर्यंत भूत राहत नाही. १९६९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या कार्टूनचा साचा इतका पक्का आहे, की चौथीतलं पोरगंही दहाव्या मिनिटाला सांगतं, ‘तो दाढीवालाच असणार.’ चार तरुण, एक भित्रा कुत्रा आणि एक व्हॅन. शेवटी मुखवटा ओढला, की खाली कुणाच्या तरी जमिनीवर डोळा ठेवून बसलेला शेजारी सापडतो. भुताला घाबरण्याआधी त्यात कुणाचा फायदा आहे ते बघ, एवढं शहाणपण ही मालिका मुलांना हसतखेळत देते. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणेही याच जातीचा. आपल्याकडच्या मुलांना हा संस्कार परका नाही.

२००४ साली आलेल्या, स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यावरच्या स्कूबीपटात हा साचा थोडा वाकवलेला आहे. तळ्यातला राक्षस यांत्रिक निघतो, पण तो बनवणारी बाई लोभी नसते. ती प्राध्यापिका आहे आणि तळ्यातला राक्षस, नेसी, खरंच आहे यावर तिची श्रद्धा आहे. मोठ्या संग्रहालयाच्या प्रमुखाने आपल्या शोधाला हात द्यावा म्हणून ती खोटा राक्षस पाण्यात सोडते. सगळा उलगडा झाल्यावर, जाता जाता, स्कूबीला पाण्यात काहीतरी दिसतंच! अनेकांना हा शेवट मुलांचं मन राखण्यासाठी टाकलेला वाटतो. मला तो चित्रपटातला सर्वांत हुशार भाग वाटतो. पैशासाठी भूत उभं करणारा पकडायला सोपा असतो. स्वतःच्या श्रद्धेसाठी पुरावा बनवणाऱ्याला पकडणं अवघड, कारण त्याला स्वतःलाच आपण चोर आहोत असं वाटत नसतं.

खऱ्या लॉक नेसचा इतिहासही कार्टूनपेक्षा फार वेगळा नाही. १९३३ मध्ये तळ्याकाठच्या नव्या रस्त्यावरून वर्दळ वाढली आणि ‘दर्शनं’ही वाढली. त्याच वर्षी मार्माड्यूक वेदरेल नावाच्या शिकाऱ्याला काठावर राक्षसाचे ठसे सापडले. ते पाणघोड्याच्या पायाचे निघाले, आणि तो पायही छत्र्या ठेवायच्या स्टँडचा! पुढच्या एप्रिलमध्ये ‘डेली मेल’ने एका डॉक्टरच्या नावावर लांब मानेचं ते प्रसिद्ध छायाचित्र छापलं. खेळण्यातल्या पाणबुडीवर मान बसवून ते काढलं होतं, हे उघड व्हायला साठ वर्षं लागली. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या नील गेमेल यांच्या पथकाने तळ्याच्या पाण्याचे अडीचशे नमुने घेतले आणि त्यात कोणाकोणाचा डीएनए विरघळलाय ते तपासलं. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नव्हता. ईल माशांचा डीएनए मात्र जवळजवळ प्रत्येक नमुन्यात होता.

आपल्याकडे तळ्यातला राक्षस आहे बुलढाणा जिल्ह्यात, लोणारला. लवणासुर तिथे भूमीखाली राहायचा, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारलं आणि त्याच्या रक्ताने ते विवर भरलं, अशी कथा. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ आजही उभं आहे. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. कथा ठाऊक असलेल्याला आणखी काय हवं! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाऊस कमी, पाणी आटलेलं, खारटपणा वाढलेला. अशा पाण्यात माजणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बाळगणाऱ्या सूक्ष्मजीवांचं ते काम होतं. इथे मुखवटा निघाला, पण त्याखाली कुणी चोर नव्हता. बेसॉल्टवर उल्का आदळून झालेलं, पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर आणि त्यातल्या पाण्यात सुखाने जगणारे जीव ही गोष्ट असुराच्या गोष्टीपेक्षा कमी अद्भुत नाही. त्याच वर्षी लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं.

हे झालं लांबचं. आमच्या पिंपरीतल्या संत तुकाराम नगरात, मेट्रो स्टेशन, वायसीएम रुग्णालय आणि अत्रे रंगमंदिराच्या गराड्यात, राक्षसाने राहावं असं पाणीच दिसत नाही. २०१९ पासून नळालाही ते दिवसाआड येतं. पण इथल्या फ्लॅटांमध्ये मावळातून, खेडमधून आलेल्या आज्या राहतात. शेजारच्या घरी सुट्टीत हाच स्कूबीपट लागला होता. नातवंडांच्या मागे बसून लसूण सोलत आज्जी म्हणाली, ‘आमच्या डोहात आसरा व्हत्या. तिन्हीसांजेला पाण्यावर गेलं की वढायच्या.’ नातवाने साच्याप्रमाणे विचारलं, ‘मग त्यांचा मुखवटा कोणी काढला?’ आज्जीने वरही बघितलं नाही. ‘त्यास्नी कुठला मुखवटा, शेंदूर आसतो.’

साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवतांचे, ते शेंदूर माखलेले सात दगड मावळात नदीकाठी, विहिरीपाशी अजून दिसतात. दामोदर कोसंबींनी या ‘मावलाया’ पायी फिरून शोधल्या आणि त्यांच्यावर लिहिलं. या भीतीचा हिशेब एकतर्फी मांडता येत नाही. देवरायांचा अभ्यास करताना माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तकांनी जे दाखवलं, ते डोहांनाही लागू पडतं: देवाच्या नावाने राखलेला तुकडा टिकतो. देहू-आळंदीच्या डोहातले मासे देवाचे मानले गेले, म्हणून इंद्रायणीत महसीर तगून राहिला. ज्या संत तुकारामांचं नाव आमच्या वस्तीला आहे, त्यांच्या कथेतली इंद्रायणीही काही गिळत नाही. तिच्यात बुडवलेली गाथा ती कोरडी परत करते.

मात्र याच श्रद्धेची दुसरी बाजू म्हणजे ‘डोह दरसाल एक बळी घेतो’ हे वाक्य. पोहायला गेलेला पोरगा परत आला नाही की ते हमखास कानावर पडतं. इंदोरीजवळच्या कुंडमळ्याला पाण्याने खडकात कोरलेले खोल रांजणखळगे आहेत. वरून शांत, आत भोवरा. तिथे वर्षानुवर्षं माणसं बुडाली. १५ जून २०२५ ला तिथलाच जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. नदीने बळी घेतला, असं म्हटलं की कुणालाच काही विचारावं लागत नाही. पूल धोकादायक होता तर त्यावर माणसं कशी, हा स्कूबीच्या टोळीचा प्रश्न आहे आणि तो आपण फार लवकर सोडून देतो.

तरी पुलाचा गुन्हा या टोळीला सुटेल, कारण त्यात विचारायला ठराविक माणसं आहेत. खरी पंचाईत आळंदीच्या घाटावर होते. कार्तिकीला वारकरी स्नानाला उतरतात तेव्हा इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगत असतात. पाय घातला तर गुडघाभर फेस आणि खाली काळपट पाणी. याची रीत साधी आहे. साबणातली द्रव्यं पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, बंधाऱ्यावरून ते पाणी पडताना त्यात हवा मिसळते आणि फेस मोडत नाही. पण पकडायचं कुणाला? लहान कारखान्यांचं धातू धुतलेलं पाणी त्यात आहे. नदीकाठच्या गावांचं आणि नव्या गृहसंकुलांचं अर्धवट किंवा अजिबात न शुद्ध केलेलं सांडपाणी आहे. आणि वॉशिंग मशीन आहेत, घरोघरची. आमच्या बाजूचा उतार पवनेकडे, म्हणून आमचा साबण पवना, मुळा, मुळा-मुठा असा भीमेत जातो. इंद्रायणीचा तुळापूरला भीमेला मिळतो. पुढे उजनी, आणि पुढे पंढरपूर. पालखी पायी जाते, फेस नदीने. दोघांचा मुक्काम एकच.

या राक्षसाचा मुखवटा ओढला तर शेवटच्या दृश्यात हजारो चेहरे दिसतील आणि त्यांत त्या व्हॅनमधली चौघंही असतील. असा चित्रपट कोण काढणार? एकच खलनायक हवा, ही मुलांच्या गोष्टीची सोय आपल्या सार्वजनिक चर्चेने उचलली आहे. एक बाजू म्हणते कारखाने, दुसरी म्हणते पालिका, तिसरी म्हणते लोकांनाच शिस्त नाही. तिघंही खरं बोलतात आणि त्या जोरावर सुटतात.

‘दोष सगळ्यांचा’ या उत्तरावर मात्र माझा विश्वास नाही. ते उत्तरही एक मुखवटाच आहे. बादलीभर कपडे धुणारी बाई आणि रात्री टँकरने ओढ्यात रसायन ओतणारा माणूस यांना एका रांगेत उभं करणं म्हणजे दुसऱ्याला लपायला गर्दी पुरवणं. वाटा वेगवेगळा आहे आणि तो मोजता येतो. लॉक नेसच्या पाण्यातून ईल ओळखता येतो, तर कुठल्या नाल्यातून कोणता धातू आणि किती मैला येतो हे ओळखणं त्याहून अवघड नाही. नाल्यागणिक, महिन्यागणिक तपासलेले आकडे घाटावर फलक लावून मांडले, तर आज्जीच्या नातवालाही त्याचा ठरलेला प्रश्न नेमका विचारता येईल: सांडपाणी शुद्ध न करता सोडलं, तेव्हा विजेचं आणि रसायनांचं बिल कुणाचं वाचलं?