रोसिनीची सिंड्रेला आणि सद्गुणांचा प्रश्न

‘ला चेनेरेंतोला’ ही जोआकिनो रोसिनीची संगीतिका २५ जानेवारी १८१७ रोजी रोममधल्या तेआत्रो व्हाल्ले या नाट्यगृहात प्रथम रंगमंचावर आली. तिची संहिता याकोपो फेर्रेत्ती यांची. कथा सिंड्रेलाचीच, पण शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रूपातली स्त्री-पुरुषांची कामे इथे बरीच उलटली आहेत. सावत्र आईच्या जागी सावत्र बाप डॉन मान्यिफिको आहे. परीच्या जागी राजपुत्राचा गुरू, तत्त्वज्ञ अलिदोरो आहे.

या अदलाबदलीच्या मुळाशी एक जुना वाद आहे: स्त्रीचे सद्गुण वेगळे आणि पुरुषाचे वेगळे असतात का? प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात मेनोचे उत्तर होकारार्थी आहे. पुरुषाने नगराचा कारभार पाहावा, स्त्रीने घर राखावे आणि नवऱ्याच्या आज्ञेत राहावे. सॉक्रेटिसला हे मान्य नाही. आरोग्य स्त्रीचे असो वा पुरुषाचे, ते आरोग्यच. आणि घर काय, नगर काय, न्याय आणि संयम यांवाचून नीट चालत नाही. ॲरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’मध्ये सॉक्रेटिसचे म्हणणे खोडतो. त्याच्या मते पुरुषाचे धैर्य हुकूम देण्यात असते, स्त्रीचे तो पाळण्यात.

पेरोची नायिका बहुतांशी ॲरिस्टॉटलच्या बाजूची. ती मुकाट्याने सोसते, आणि घाईत गळून पडलेल्या बुटावरून तिची ओळख पटते. रोसिनीच्या नायिकेचे, अँजेलिनाचे, तसे नाही. राजपुत्राच्या वेशातला नोकर दांदिनी तिच्यामागे लागतो, तेव्हा आपले मन त्याच्या नोकरावर जडले आहे, असे ती त्याला तोंडावर सांगते. हा ‘नोकर’ म्हणजेच खरा राजपुत्र रामिरो. त्यालाही ती लगेच होकार देत नाही. जोडीतले एक कंकण त्याच्या हाती देते, दुसरे स्वतःकडे ठेवते आणि आपला शोध घ्यायला सांगते. आता कसोटी पुरुषाची लागते.

तिचीही परीक्षा होते, पण रूपाची नव्हे. अलिदोरो भिकाऱ्याच्या वेशात दारी येतो. तिच्या दोघी सावत्र बहिणी त्याला हाकलतात. अँजेलिना गुपचूप कॉफी आणि पावाचा तुकडा देते. या परीक्षेत पुरुष असता तरी निकष हाच राहिला असता. खलत्वाचेही तसेच. मान्यिफिकोने तिची वारसाहक्काची मालमत्ता उधळली आहे. छळाचे मूळ सवतीमत्सरात नसून पालकाच्या लोभात आहे.

शेवटी अँजेलिना बापाला आणि बहिणींना क्षमा करते. हा पुन्हा ‘बायकी’ सोशिकपणाच, असा आक्षेप घेता येईल. परंतु चुलीपाशी बसून सोसणाऱ्याला दुसरा पर्याय नसतो. राणी झालेली अँजेलिना शिक्षा देऊ शकत असताना क्षमा करते. हुकूम देण्याच्या जागी बसूनही तिची दया कायम राहते, आणि तिथे ॲरिस्टॉटलची विभागणी लंगडी पडते.

सॉक्रेटिसचा विजय मात्र पुरता होत नाही. अँजेलिनाला अधिकार मिळतो तो लग्नामुळे. याउलट नॉर्वेच्या लोककथांत राखेत बसणारा मुलगा आस्केलाद चातुर्याच्या बळावर राजकन्या आणि अर्धे राज्य जिंकतो. सद्गुण दोघांना समान असले, तरी ते दाखवण्याची संधी कथेने दोघांना समान दिलेली नाही.