ताऱ्यांवरून येणाऱ्याला काय हवं असेल?

परग्रहावरून पृथ्वीवर चाल करून येणारे नेहमी उपाशीच का असतात? १९८३ च्या 'व्ही' या अमेरिकी मालिकेत ते आपलं पाणी पळवायला येतात. १९९६ च्या 'इंडिपेन्डन्स डे'मध्ये टोळधाडीसारखे येतात, एक ग्रह ओरबाडून झाला की दुसऱ्याकडे वळतात. मी मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना असले चित्रपट तोंडपाठ असतात, म्हणून मी फळ्यावर हिशेब मांडते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा, ४.२ प्रकाशवर्षं दूर आहे. व्हॉयेजर-१ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १७ किलोमीटरने, तेवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. ते एका आयुष्यात कापणाऱ्याच्या हाती केवढी ऊर्जा असेल! त्याला पाणीच हवं असेल तर गुरूचा चंद्र युरोपा आहे. त्याच्या बर्फाखाली पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुपटीइतकं पाणी असावं असा अंदाज आहे, आणि तिथं राखणदारही नाही. सामर्थ्य देवाचं आणि भूक सावकाराची, असं पात्र मला पटत नाही.

एच. जी. वेल्सची गोष्ट निराळी. १८९८ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या कादंबरीतले मंगळवासी शेजारचे आहेत, त्यांचा ग्रह थंड पडत चालला आहे, गरज खरी आहे. शिवाय पहिल्याच प्रकरणात तो वाचकाला टास्मानियातल्या मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण देतो. साम्राज्याच्या राजधानीजवळ बसून एका इंग्रजाने दिलेली ती कबुली आहे. पुढच्यांनी त्याची यंत्रं आणि किरण तेवढे उचलले. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या कादंबऱ्यांत आक्रमणाला भीतीचं कारण आहे: दुसऱ्याच्या मनात काय आहे ते इतक्या अंतरावरून कळत नाही, म्हणून आधी आपणच वार करायचा. तर्क भक्कम आहे. पण तोही माणसाच्या सीमेवरचाच तर्क आहे, आकाशात नेऊन ठेवलेला.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात आकाशातून एक पाहुणा खरोखरच आला. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, काळ्या बसाल्टमध्ये खोदलेलं. बराच काळ त्याला ज्वालामुखीचं तोंड मानलं जाई. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आघाताने काचेसारख्या झालेल्या खनिजांवरून उल्केचा पुरावा मिळाला. "मॅडम, त्याले आपल्याकून काय पायजे होतं?" असं सहलीत एका मुलाने विचारलं होतं. प्रश्न विज्ञानाचा नव्हता, म्हणून मी तो टाळला नाही. विवराचं वय आधी सुमारे ५२ हजार वर्षं सांगत. नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघालं. हा दुसरा आकडा धरला तर तेव्हा पृथ्वीवर आजचा माणूसच नव्हता. 'आपल्याकडून' म्हणायला आपण कुठे होतो? दगडाला हेतू नव्हता, हे मुलाला पटलं, पण आवडलं नाही. मोठ्यांनाही आवडत नाही. संकटामागे कुणीतरी असावं, रागावलेलं का होईना, हा आधार सोडवत नाही.

लोणारकरांनी तो आधार लवणासुराच्या कथेतून मिळवला. असुर जमिनीखाली राहायचा. विष्णू दैत्यसूदन होऊन आला, पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं, आणि ते ढाकेफळजवळ जाऊन डोंगर होऊन पडलं. ही कथा असुराच्या बाजूने ऐकून पाहा. तो आपल्या घरात आहे, आणि छप्पर उडवून वरून कोणी उतरतो आहे. आपल्या पुराणांत वरून येणारा देव असतो आणि घर असुराचं असतं.

हीच रचना बळीच्या कथेत अधिक खोल जाते. वामन येतो आणि तीन पावलं जमीन मागतो. ज्याचं सगळं आहे, त्याने मागावं काय म्हणून? माझ्या मते परग्रहकथेतला खरा प्रश्न हाच आहे आणि तो ईश्वरविषयक प्रश्नही आहे: ज्याला काही कमी नाही, तो कशासाठी येईल? भागवताचं उत्तर मला पटतं. जमीन घेऊन वामन निघून जात नाही. सुतलात बळीच्या दाराशी पहारेकरी होऊन उभा राहतो. तो बळीसाठीच आला होता. विश्वात दुसरीकडे न मिळणारी एवढी एकच गोष्ट इथे होती. आणि आमचा शेतकरी दिवाळीच्या पाडव्याला राज्य मागतो ते बळीचंच.

मला त्या कथेत शुक्राचार्य सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्यांनी पाहुण्याचा हेतू ओळखला आणि बळीला सावध केलं. बळीने ऐकलं, समजून घेतलं आणि दिलेला शब्द पाळला. फसलेला यजमान कथाकाराला सोपा असतो. समोरच्याचा हेतू कळल्यावरही आपण कोण आहोत हे स्वतः ठरवणारा यजमान मला परग्रहांच्या कथांमध्ये अजून भेटलेला नाही. जयंत नारळीकरांनी आपल्या एका विज्ञान कादंबरीला 'वामन परत न आला' असं नाव दिलं, तेव्हापासून ही वाट मराठीत मोकळी आहे. कुणा तरुण लेखकाने आता बळीच्या सभेतून, शुक्राचार्यांच्या शेजारी बसून, ती कथा लिहावी.