भास्करबुवा बखले: घराणे न उभारलेला गुरू

भास्करबुवा बखले यांच्या नावाने एकही घराणे चालत नाही, त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण मागे राहिलेले नाही, आणि तरीही विसाव्या शतकातील मराठी गायनाचे बरेचसे धागे मागे नेत गेले की ते त्यांच्यापाशी पोहोचतात. ही विसंगती केवळ योगायोगाची मानून सोडून देता येत नाही. बुवांनी शिकवण्याचा जो मार्ग पत्करला, त्याचाच तो परिणाम होता.

बुवांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी सुरतेजवळच्या कठोर या गावी, गरिबीत झाला. हे गाव त्या काळी बडोदे संस्थानात मोडत असे, आणि गायकवाडांच्या आश्रयामुळे बडोद्याला ज्या गवयांचा राबता होता, त्यांच्या गाण्याचा संस्कार या मुलावर लहानपणीच झाला. गुजरातेतच जन्मलेले ओंकारनाथ ठाकूर विष्णु दिगंबर पलुस्कर या मराठी गुरूकडे घडले, तर कठोरचा हा मराठी मुलगा मुसलमान उस्तादांकडे घडला. संगीताच्या इतिहासात प्रांत आणि धर्म यांच्या सीमा किती कुचकामी ठरतात, हे या दोन उदाहरणांवरून पुरेसे कळते.

उस्तादांआधी मात्र रंगभूमी आली. किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनट म्हणून त्यांनी स्त्रीभूमिका केल्या, त्यांत ‘रामराज्यवियोग’ नाटकातील कैकेयी विशेष नावाजली गेली. संगीत नाटकात नटाचे मोल त्याच्या पट्टीवर, म्हणजे तो ज्या उंचीचा षड्ज धरून गातो तिच्यावर, ठरत असे. त्यामुळे वयात येताना मुलाचा आवाज फुटला, म्हणजे स्वरयंत्र वाढून स्वरतंतू लांब व जाड झाले आणि पट्टी खाली उतरली, की त्याचे मंडळीतले स्थानही डळमळत असे. भास्कररावांच्या वाट्याला हेच आले. युरोपातील ऑपेरात टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुषी आवाज, हा नायकाचा आवाज असल्याने प्रौढ गळ्यालाही तिथे मानाची जागा असते. स्त्रीभूमिका पुरुषांनीच करण्याच्या आपल्या रंगभूमीवर फुटलेल्या आवाजाच्या मुलाला तशी हमी नव्हती.

यानंतरची शिकवणी दीर्घ आणि कष्टाची होती. बडोद्याच्या फैज महंमद खाँ यांच्याकडून ग्वाल्हेरची सरळ, भक्कम मांडणी, नत्थन खाँ यांच्याकडून आग्र्याची लयकारी व बोलांची फेक, आणि पुढे अल्लादिया खाँ यांच्याकडून अनवट रागांची पेचदार आकारयुक्त गायकी, अशा तीन परस्परभिन्न शैली त्यांनी आत्मसात केल्या. गळा एकदा हातचा गेल्यावर तो नव्याने घडवावा लागतो, हे ज्याने स्वतः सोसले, त्याला एकाच साच्याचा आग्रह धरणे पुढे अवघड गेले असावे, असे अनुमान शिष्यपरंपरेकडे पाहता करता येते. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे, केसरबाई केरकर आणि पंजाबातून आलेले दिलीपचंद्र वेदी यांना एका पंक्तीत बसवले, तर गुरू समान असल्याची खूण वरवर सापडत नाही. बालगंधर्वांची लाडिक, शब्दाला कुरवाळणारी गायकी आणि कृष्णरावांची चपळ, खेळकर गायकी एकाच तालमीतून निघाली, हे मुद्दाम सांगावे लागते.

गुरुकार्याइतकेच महत्त्व त्यांच्या नाट्यसंगीताला आहे. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकात टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचे वळण रंगभूमीवर आणले होते. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणलेल्या खाडिलकरांच्या ‘स्वयंवरा’साठी बुवांनी ख्यालाच्या चालींचा मोठा आधार घेतला. ख्यालात मोजक्या शब्दांची बंदिश घेऊन आलाप-तानांनी राग सावकाश उलगडला जातो, तर नाटकात शब्द प्रेक्षकाच्या कानी पडलेच पाहिजेत आणि कथानक फार काळ खोळंबून चालत नाही. यमन, बिहाग, भीमपलास यांसारख्या रागांचे अंग न मोडता ते नायिका रुक्मिणीच्या तोंडी शोभतील अशा बेताने बुवांनी आवरून घेतले, आणि त्यामुळे ज्याने कधी मैफलीत पाऊल टाकले नव्हते अशा श्रोत्याला राग ओळखता येऊ लागला. ‘वन्स मोअर’च्या हौसेने पुढे हा आवर सुटला आणि पद हीच मैफल झाली, हा दोष मात्र चाल बांधणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

१९११ साली पुण्यात त्यांनी भारत गायन समाजाची स्थापना केली. पलुस्करांच्या विद्यालयांचा विस्तार आणि शिस्त त्याला लाभली नाही, आणि घराण्यांच्या चौकटीतून लिहिल्या जाणाऱ्या इतिहासात बुवा तीन घराण्यांच्या तळटीपांत विभागले गेले. या मार्गाची किंमत आणखीही होती: ८ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा ‘बखल्यांची गायकी’ म्हणून दाखवता येईल असा एकही गळा उरला नाही, आणि केसरबाईंची ओळख तर पुढे अल्लादिया खाँ यांच्याच परंपरेची गायिका म्हणून झाली. गंधर्व मंडळीच्या नाटकांना चाली देण्याचे काम कृष्णरावांकडे आले. त्यांनी ते निभावले आणि तिथून ते ‘प्रभात’च्या बोलपटांकडे वळले, जिथे अवघ्या काही मिनिटांत गाणे संपवावे लागे आणि ‘स्वयंवरा’तली आवरून घेण्याची तालीम पुन्हा कामी आली.