राडारोडा कोणाचा?

जुनी इमारत पाडली जाते तेव्हा सागवानी दरवाजे, लोखंडी सळया, खिडक्यांचे गज यांचा काटेकोर हिशेब होतो. उरलेल्या विटा, चुना व काँक्रीट यांचा मात्र हिशेब कोणी ठेवीत नाही. तो ढीग रातोरात ट्रकमधून कोठेतरी जातो. ज्याचे मोल येते ते आपले आणि ज्याचा भार वाहावा लागतो ते कोणाचेच नव्हे, असा न्याय आपण नकळत स्वीकारला आहे. तो नीतीला धरून आहे काय?

हा भार किती, हे काढणे कठीण नाही. 'टायफॅक' या शासकीय संस्थेच्या अंदाजानुसार पक्की इमारत पाडताना दर चौरस मीटरमागे सुमारे ५०० किलो, नवी बांधताना ४० ते ६० किलो व दुरुस्तीत ४० ते ५० किलो राडारोडा निघतो. म्हणजे ५० चौरस मीटरचे घर पाडले तर २५ टन. त्याची नुसती दुरुस्ती केली तरी दोन-अडीच टन. १,००० चौरस मीटरची इमारत पाडली, तर दहा टनी ट्रकच्या ५० खेपा होतात.

या खेपा पुष्कळदा खाडीकाठी, खाजणात वा नाल्यात रित्या होतात. जे पाणी तेथे विसावत असे, ते जागा बुजली की दुसऱ्याच्या उंबरठ्याशी येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो पाऊस मानवाने पाडला नव्हता. परंतु मिठी नदीचे पात्र भरावांनी व अतिक्रमणांनी अरुंद केले होते ते मानवानेच. आणि असे पाणी प्रथम शिरते ते सखल वस्तीतील गरिबाच्या घरात. आपल्या नव्या घराची किंमत अशा रीतीने तो भरतो.

कोणी म्हणेल, "आम्ही कंत्राटदाराला पैसे मोजले, पुढचे त्याने पाहावे." प्रत्येक ट्रकच्या मागे गृहस्थाने धावावे असे कोणी म्हणणार नाही. तथापि काम दुसऱ्यावर सोपविता येते, उत्तरदायित्व नव्हे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनीही राडारोड्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावरच ठेवली होती.

मार्गही उपलब्ध आहे. काँक्रीट, विटा, माती, लाकूड व लोखंड जागेवरच वेगवेगळे केले, तर दळलेल्या काँक्रीटपासून खडी, वाळू व पदपथाच्या लाद्या होतात. दिल्लीत बुराडी येथे २००९ साली असे केंद्र सुरू झाले. परंतु वेगळे करण्यास वेळ लागतो आणि प्रामाणिक वाहतुकीस पैसा. खरी कसोटी येथेच आहे.

म्हणून सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा करार वाचला जाईल तेव्हा वाढीव क्षेत्रफळाबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: राडारोडा किती टन निघेल, तो कोठे जाईल आणि तेथे पोहोचल्याची पावती कोण दाखवील? उत्तरे करारात लिहून घ्यावीत. त्यापायी चार पैसे अधिक पडले, तर ते आपल्याच घराच्या किमतीचा भाग होत. आजवर ते दुसरे कोणीतरी भरीत होते, एवढेच.